उघड्या तोंडाची खोळ

डिसेंबर लागला की यशवंतपूरवर धुकं असं बसायचं की यार्डातल्या मालगाडीचं तोंड दिसलं तर शेपूट दिसायचं नाही. डबे एकमेकांवर आदळल्याचा आवाज तेवढा कानावर यायचा. बाकी कुणाचं धुक्याशी वाकडं नव्हतं, आप्पाजीचं होतं. गादीवाल्याचा अर्धा धंदा सूर्याच्या हातात. दमट कापूस पिंजण यंत्रात घातला की गाठी धरतो, आणि गाठीची गादी महिनाभरात गिऱ्हाइकाच्या पाठीला स्वतःच सगळं सांगून टाकते. म्हणून आप्पाजी उठल्या उठल्या गच्चीवर चढायचा, ताडपत्री अंथरायचा, कापसाची पोती कडेला उभी करायचा आणि विडी पेटवून पूर्वेकडं बघत बसायचा. सूर्य म्हणजे त्याच्याकडं कामाला असलेला आणि रोज उशिरा येणारा गडी होता.

त्या रविवारी ऊन पडायला बराच वेळ लागला. शेवटी पडलं. आप्पाजीनं पोती मोकळी केली, कापूस ताडपत्रीवर ओतला आणि वेताच्या काठीनं झोडपायला घेतला. तेवढ्यात खालच्या खोलीत त्याच्या पोरीनं, कावेरीनं, गिटार सुरू केली.

आप्पाजी मूळचा चिकोडीकडचा. लग्न झाल्यावर बायकोला घेऊन बंगळूरला आला तो इथलाच झाला. गंगव्वाच्या घराची रस्त्याकडची खोली दुकानाला, वरच्या दोन खोल्या राहायला. गंगव्वा अथणीची, तिचं निम्मं बोलणं कन्नड, निम्मं मराठी, आणि शिव्या दोन्ही भाषांतल्या. घरमालकीण असून ती आप्पाजीला अण्णा म्हणायची, आणि भाडं चुकलं तरी अण्णाच म्हणायची. इथं गादीला हासिगे म्हणतात हे तिनंच त्याला पहिल्या दिवशी शिकवलं होतं.

आप्पाजीची बायको अंबुबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. ती गेली आणि कावेरीनं तोंड मिटलं. रडली नाही, भांडली नाही. सकाळी डबा भरायचा, कामाला जायचं, संध्याकाळी यायचं, भाकरी थापायच्या. कंप्युटर जोडून देणाऱ्या एका दुकानात ती कामाला होती, हातात स्क्रू आणि तारा. घरात दोन माणसं आणि ताटलीचा आवाज मोठा वाटावा अशी शांतता. आप्पाजी मुद्दाम भांडी आपटून बघायचा.

मग एक दिवस पोरीनं लांबडी काळी पेटी घरात आणली. गिटार. पाठोपाठ दुकानातल्या उरल्यासुरल्या भागांचा जोडलेला एक कंप्युटर आला, तो अंबुबाईच्या शिवणयंत्राच्या मेजावर बसला. आणि घरात आवाज सुरू झाला.

"हे कसलं गाणं गं?" आप्पाजीनं पहिल्यांदा विचारलं होतं.

"हेवी मेटल."

"म्हंजे लोखंडाचं?"

"तसंच समजा."

त्याला ते पटलं. बाहेर यार्डात डब्याला डबा जोडताना जसा दणका बसतो, तसंच काहीतरी पोरीच्या बोटांखालनं निघायचं. गाणं म्हणून त्याला ते कधीच कळलं नाही. पण तो दणका सुरू असला की पोरगी घरात आहे, जागी आहे, तिच्या अंगात काहीतरी चाललंय, एवढं त्याला गच्चीवर बसून कळायचं. त्या तालावर काठी मारायची त्याला सवय लागली होती. कापूस बरा मोकळा व्हायचा.

तर त्या रविवारी काठी चालू असताना जिन्यावर बूट वाजले. शंतनु आला होता. पुण्याचा पोरगा, वर्षभरापूर्वी इथल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलेला. हा गायचा, कावेरी गिटार वाजवायची, आणि रोशन नावाचा एक मुलगा ड्रम. तालीम बेळ्ळंदूरला, तळ्याकडच्या एका रिकाम्या कोंबड्यांच्या शेडमध्ये चालायची. तिथं तेव्हा शेतंच होती, ओरडलं तरी ऐकायला बगळे. शंतनुनं वर येऊन "काका, नमस्कार" केला आणि खाली गेला. खिडकी उघडी होती. आप्पाजीची काठी आपोआप हळू झाली.

कावेरीनं त्याला काहीतरी ऐकवलं. गाणं थांबलं.

"कावेरी, रागावू नकोस," शंतनु म्हणाला. "वाजवतेस तू मस्तच. पण साउंड... म्हणजे ऐक ना. डब्यात गांधीलमाश्या कोंडल्यासारखं वाटतंय. आपण गिटार डायरेक्ट कंप्युटरला लावतोय, त्यानं असं होतंय."

"मला ठाऊक आहे कशानं होतंय."

"ही जी कॅसेट निघतेय, तिच्यावर शहरातले सगळे बँड असणार. प्रत्येकाचं एकच गाणं. आणि आपलं असं आलं तर पुन्हा कोण विचारणार? रोशन म्हणत होता, त्याचा एक मित्र आहे. त्याच्याकडे सगळा सेटअप आहे. या गाण्यापुरतं त्याला वाजवू दे. पुढच्या रविवारी द्यायचंय."

"या गाण्यापुरतं," कावेरी म्हणाली.

"हो. म्हणजे... फक्त एवढ्यापुरतं."

"हे गाणं मी केलंय, शंतनु."

"माहितीय गं मला."

त्याच्या आवाजात वाईटपणा नव्हता, हेच वाईट होतं. तो गेला. आप्पाजी कापूस उलटापालटा करून खाली आला तेव्हा पोरगी गिटारीच्या पेटीची कडी लावत होती. पेटी तिनं पायानं खाटेखाली सरकवली.

"काय गं?"

"काय न्हाई. जेवायला वाढू?"

दुपारभर घर गप्प. संध्याकाळी ती भाकरी थापत होती आणि आप्पाजी उंबऱ्यात बसला होता. तव्यावरची भाकरी फुगली, बसली. ही शांतता त्याच्या ओळखीची होती, आणि ती परत राहायला आली होती.

"कावे, गांधीलमाशी का शिरली गिटारीत?"

"ऐकत होता व्हय तुम्ही?"

"खिडकी उघडी हुती. मी काय कान उपटून ठेवू?"

ती हसली नाही, पण बोलली. गिटारीचा आवाज खरा स्पीकरमधनं यायला पाहिजे, तोही मोठ्या आवाजात. कागदाचा पडदा जोरात हलला, समोरची हवा ढकलली, की त्याला अंग येतं. समोर माईक धरायचा आणि तो आवाज कंप्युटरमध्ये घ्यायचा. तारेतनं सरळ घेतला की नुसती वरची चरचर येते. सॉफ्टवेअरमधल्या सगळ्या कळा फिरवून झाल्या, चरचर काही केल्या जात नाही. स्पीकर आहे, माईक दुकानातनं मागून आणता येईल. पण मोठ्यानं वाजवायचं कुठं? बेळ्ळंदूरच्या शेडमध्ये वीज येते-जाते, तिथं कंप्युटर नेणं खुळेपणा. आणि इथं खाली गंगव्वाची सून बाळंत होऊन आली आहे. पाळणा बरोबर खालीच.

"बाहेरच्या देशात आवाजासाठी वेगळी खोली असते," ती म्हणाली. "आत किती का ओरडा, बाहेर मुंगीला कळत नाही."

"म्हंजे आवाज कोंडायची खोली."

"व्हय."

आप्पाजीनं भाकरी मोडली. "आणि आवाज कशानं कोंडतात?"

"जाड काहीतरी लावतात भिंतीला. कापड, फोम..." ती बोलता बोलता थांबली आणि बापाकडं बघायला लागली.

"कापूस?" आप्पाजी म्हणाला. "आपल्याकडं कापसाला काय दुष्काळ पडलाय?"

सोमवारी त्यानं गिऱ्हाइकांना दोन दिवसांनी या म्हणून सांगितलं. हजारो गाद्या शिवल्या असतील, पण अशी कधी शिवली नव्हती. स्पीकर दुकानात आणून त्याचं माप घेतलं, लहान लेकराचं अंगड्यासाठी घेतात तसं. जाड पट्ट्यापट्ट्यांचं कापड काढलं, ठेवणीतलं. खोळी शिवल्या, नवा कापूस पिंजला, आणि भरला. काठीनं ठोकून ठोकून भरला. लग्नातल्या गादीलासुद्धा त्यानं एवढा कापूस घातला नव्हता. तीन बाजूंना तीन, खाली एक, वर एक, आणि सगळ्यांना दाभणानं आडवेउभे टाके घालून एकमेकांत असं शिवलं की स्पीकर आत बाळासारखा गुंडाळला गेला. माईकपुरती भोकं ठेवली. तोंडावर, जिथनं आवाज निघतो तिथं, एक चौकोनी उशी शिवली आणि तिचेही चारही कोपरे पक्के केले.

मंगळवारी संध्याकाळी कावेरी आली तेव्हा खोलीत ते धूड बसलेलं होतं.

"आप्पा!"

"बघ. आता मालगाडी वाजव त्यात."

तिनं गिटार खाटेखालनं काढली. तारा जोडल्या, माईक भोकात सारला, हेडफोन घातले आणि वाजवायला लागली. आप्पाजी तिच्या तोंडाकडं बघत बसला. बाहेर खरंच काही ऐकू येत नव्हतं, भिंतीपलीकडं कुणी उखळात कांडतंय एवढंच. तो खूश होता. मग त्याला पोरीच्या भुवया दिसल्या.

"बरं झालंय," ती म्हणाली. "लई मेहनत घेतली तुम्ही."

"कावे."

"खरंच बरंय."

"तुझी आई माझं जेवण बिघडलं की अशीच म्हणायची. काय झालंय सांग."

कावेरीनं हेडफोन गळ्यात घेतले. "माशा गेल्या," ती म्हणाली. "पण आता तोंडात बोळा कोंबून बोलल्यागत येतंय. श्वासच न्हाई त्याला. पुढनं हवा हलायला जागा पाहिजे. तोंडावरची उशी काढायची, पुढं हातभर पोकळी ठेवायची, आणि मग बाहेरनं झाकायचं. बाकी सगळं झकास आहे, आप्पा. नुसतं तोंड उघडं ठेवायचं."

आप्पाजी उठला, खुंटीवरचा टॉवेल घेतला, तोंड पुसलं, परत बसला.

"तेवढं न्हाई व्हायचं," तो म्हणाला.

"का?"

"न्हाई म्हंजे न्हाई."

पोरगी बघतच राहिली. दोन दिवस धंदा बंद ठेवणारा माणूस चार टाके उसवायला नाही म्हणतो, हे तिला कळेना. "तुमचं काम खराब होतंय म्हणून?"

"कामाचं काय मोठं."

"मग?"

गादीवाल्यांच्यात एक चाल होती, आप्पाजीनं ती बापाकडनं घेतली होती. कापूस भरायला घेतलेल्या खोळीचं तोंड उघडं ठेवून दिवा लावायचा नाही. काम अर्धं राहिलं तर राहू दे, पण तोंडाला चार टाके मारून मगच उठायचं. उघड्या तोंडाची खोळ माणूस मागते. बाप हे हसत हसत सांगायचा, आणि हसत हसतच रोज संध्याकाळी दुकानातली एकूण एक खोळ तपासायचा. आप्पाजीही जन्मभर तपासत आला. एकच संध्याकाळ राहिली. अंबुबाई छातीत कळ येऊन पडली, ती संध्याकाळ. तिला रिक्षात घालून नेलं, आणि परत आल्यावर, सगळं संपल्यावर, त्यानं दुकानाचं दार उघडलं तर फळीवर अर्धी भरलेली गादी आ वासून पडलेली. कापूस बाहेर आलेला. त्या दिवसापासून त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. कुणाला सांगणार? पोरीला सांगायचं, की तुझी आई माझ्या विसरण्यानं गेली?

आणि आता पोरगी म्हणत होती, तिच्या खोलीत, तिच्या उशाशी, तोंड उघडी खोळ ठेवा.

"आप्पा, रविवारी द्यायचंय," कावेरी हळू म्हणाली. "न्हाई जमलं तर दुसरा कोण वाजवल. मग मी तिथं जाऊन काय करू? चहा करू?"

तिनं गिटार उचलली. पेटी पुढं ओढली. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आप्पाजीला आला, आणि मग त्याच्यानं राहवेना. त्यानं सांगितलं. जमिनीकडं बघत, टॉवेलाच्या दशा विंचरत, सगळं सांगितलं. बापाची चाल, ती संध्याकाळ, फळीवरची गादी.

कावेरी ऐकत होती. मग ती गिटार तशीच मांडीवर धरून त्याच्यासमोर जमिनीवर बसली.

"तुम्ही न्हाई विसरला ती," ती म्हणाली. "तुम्ही बाजारात गेला होता, दोऱ्याची रिळं आणायला. तुमच्यामागं ती गादी आई भरायला बसली होती. मी कॉलेजातनं आले तर म्हणाली, आलीस गं, बरं झालं, मला लई कंटाळा आलाय, चल वर, आधी चहा घेऊ. मी म्हटलं, आई, तोंड उघडं राहिलंय, आप्पा ओरडतील. तर म्हणाली, ओरडू दे त्या खुळ्याला. खोळीला काय थंडी वाजतीय?"

आप्पाजीनं मान वर केली.

"खुळ्याला म्हणाली?"

"व्हय."

"माझ्यामागं खुळा म्हणायची मला?"

"तोंडावरबी म्हणायची की."

"ती येगळी गोष्ट." त्याचं नाक वाहायला लागलं होतं, टॉवेलानं पुसलं. "मग? चहा घेतला?"

"घेतला. दोन दोन कप. गंगव्वाअक्काच्या सुनेला नावं ठेवली, लई हसलो. मी भांडी घासायला उठले, तेवढ्यात..."

पुढचं त्याला नको होतं. त्याला चहापर्यंतचंच पुरे होतं. दोन वर्षं तो त्या संध्याकाळच्या एका खोळीकडं बघत होता. तिच्या शेजारी कुणी हसत बसलं होतं, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

तो उठला. कोनाड्यातलं पातं घेतलं. तोंडावरच्या उशीचा पहिला टाका तोडताना त्याचा हात किंचित थांबला. मग त्यानं कोपरे भराभर सोडवले, उशी ओढून काढली आणि खाटेवर फेकली. काळा गोल स्पीकर उघडा पडला.

"आता?" तो म्हणाला. "पोकळी हातभर म्हणालीस, ती तुझ्या हातानं का माझ्या?"

खरं काम आता सुरू झालं. पोकळीवर आडवी गादी टाकली, पुढं उभी टेकवली. ती सारखी घसरायची, म्हणून आप्पाजी तिला पाठ लावून बसला. त्यामुळं कावेरीनं तार छेडली की दणका त्याच्या मणक्यातनं वर चढायचा. पहिल्यांदा तो दचकून उठलाच.

"खाली बघून येतो," तो म्हणाला. "तू वाजवत राहा."

खाली गंगव्वा पाळण्याची दोरी हातात घेऊन बसली होती. बाळ मूठ चोखत झोपलं होतं. वरनं दबका दण दण आवाज येत होता, पोटात कुणी बोटं मारल्यासारखा.

"त्रास होतोय का अक्का?"

"स्वल्प डबडब आहे," गंगव्वा म्हणाली. "आमचे हे जिवंत होते तेव्हा ह्याहून जोरात घोरायचे, अण्णा. लेकरं चार वाढवली त्यात. पण काय चाललंय वर? मसाला कुटालीय का पोरगी?"

"गाणं वाजवतीय."

"सरी," गंगव्वा म्हणाली, आणि दोरी ओढली. "गाण्याला बेडा, नको, म्हणू नये."

पुढचे दोन दिवस कावेरीनं संध्याकाळी येऊन तेच केलं. माईक मधोमध धरला की अजून एखादी माशी भणभणायची. दोन बोटं कडेला सरकवला की ती उडून जायची. मग तिच्या लक्षात आलं, की आवाज जाड व्हावा म्हणून आपण आवाज फाडणारी, डिस्टॉर्शनची कळ शेवटपर्यंत पिळून ठेवतोय, त्यानंच सगळं एकात एक कालवलं जातंय. तिनं ती निम्म्यावर आणली. एकट्यानं ऐकताना आवाज जरा साधा वाटला. पण रोशनच्या आधीच घेतलेल्या ड्रमखाली घातला तर एकेक फटका वेगळा, कोरडा, पक्का. आप्पाजीला यातलं काही कळत नव्हतं. तो आपला पाठ टेकून बसायचा आणि खोकला दाबायचा. कापसाच्या धुळीचा जन्माचा खोकला तो. एकदा दाबला गेला नाही आणि सगळं वाजवून झाल्यावर शेवटच्या सुरावर बरोबर फुटला.

"आप्पा!"

"चुकलो. पुन्हा घे."

"नको, ऐका तरी," म्हणून तिनं ऐकवलं. कापसातनं गेलेला तो खोकला वाघ डरकाळल्यासारखा निघाला. दोघं हसत सुटली, इतकी की खालनं गंगव्वानं छताला काठी लावली.

गुरुवारी तिनं सबंध गाणं वाजवलं, आणि मग पुन्हा पहिल्यापासून तेच वाजवलं.

"झालं की एकदा," आप्पाजी म्हणाला.

"दोनदा वाजवायचं असतं. इकडं या. माझ्या जागी बसा."

त्यानं पाठ सोडवली, गुडघ्यावर हात देऊन उठला. तिनं खुर्चीत बसवून त्याच्या कानांवर हेडफोन चढवले. आयुष्यात पहिल्यांदाच. कान गरम झाले, खोली लांब गेली. पडद्यावर हिरव्या केसाळ सुरवंटासारख्या दोन रेघा होत्या, एकीखाली एक. तिनं कळ दाबली.

डाव्या कानात कावेरी होती. उजव्या कानातही कावेरी होती. दोघी तेच वाजवत होत्या, पण एकीचा हात केसभर आधी पडायचा, दुसरीचा केसभर मागनं, आणि त्या केसाएवढ्या फटीनं आवाज केवढा रुंद झाला होता. भिंतीएवढा. आणि मधोमध, बरोबर एक माणूस बसेल एवढी जागा मोकळी होती, आणि तिथं तो बसला होता.

कावेरी लहान होती तेव्हा मोठी गादी शिवायला मायलेकी समोरासमोर बसायच्या. एक दाभण खालनं वर द्यायची, दुसरी वरनं ओढून घ्यायची, आणि दोघी एकाच वेळी बोलायच्या. मधे कापूस सारखा करत बसलेल्या आप्पाजीला कुणाला व्हय म्हणावं कळायचं नाही. मग तो दोघींना व्हय म्हणायचा.

गाणं संपलं तरी त्यानं हेडफोन काढले नाहीत.

"कसं वाटलं?" कावेरीनं ओठ हलवून विचारलं.

"व्हय," आप्पाजी मोठ्यानं म्हणाला, कानावर हेडफोन असल्यामुळं फारच मोठ्यानं. मग दुसऱ्या बाजूला बघून पुन्हा म्हणाला, "व्हय."

रविवारी शंतनु आला, तो रोशनच्या मित्राचा फोननंबर कागदावर घेऊन. आप्पाजी गच्चीवरचा कापूस दुकानात उतरवून, परत वर न जाता खोलीतच, अभ्रे दुमडायचं निमित्त करून बसला. शंतनुनं उभ्यानंच ऐकायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं खाटेवर बसला. दुसऱ्यांदा ऐकताना त्यानं डोळे मिटले. तिसऱ्यांदा लावल्यावर गुणगुणायला लागला.

"कुठे रेकॉर्ड केलंस?" त्यानं विचारलं.

"इथंच."

"इम्पॉसिबल. स्टुडिओला गेलीस ना? खरं सांग."

कावेरीनं कोपऱ्यातल्या धुडाकडं बोट केलं. शंतनु उठला, गादीभोवती फिरला, पट्ट्यापट्ट्यांच्या कापडावर हात फिरवला, वाकून आतल्या पोकळीत डोकं घातलं. "काका, हे तुम्ही?" त्याचा आवाज आतनंच आला, कापसातला.

"मी नुसती गादी केलीय," आप्पाजी म्हणाला. "झोप तिची तिनं घेतलीय."

शंतनुनं डोकं बाहेर काढलं. केसांना कापूस लागला होता. हातातला कागद त्यानं दुमडला आणि पुन्हा दुमडला, मग कावेरीसमोर जरा ओशाळा उभा राहिला. "मी रोशनला सांगतो," तो म्हणाला. "त्या मित्राला नको म्हणून. आणि... सॉरी यार. मी आधीच विचारायला हवं होतं, की तुला काय हवंय म्हणून."

"आता विचार," कावेरी म्हणाली.

"काय हवंय?"

"तुझा आवाज. याच्यावर तो घ्यायचा राहिलाय. घे आज, इथंच. पण मधे ओरडतोस तिथं स्वल्प हळू, खाली बाळ झोपलंय."

"त्या ओळीत हळू कसं ओरडणार?"

"मग गादीत तोंड घालून ओरड."

दोघांची हुज्जत सुरू झाली. आप्पाजीनं दुमडलेले अभ्रे काखेत मारले आणि जिना उतरला. दुकानासमोर एक बाई कधीची उभी होती. मुलीच्या लग्नाच्या दोन गाद्या तिनं गेल्या आठवड्यात सांगितल्या होत्या.

"अण्णा, हासिगे झाल्या का?"

"उद्या सकाळी न्या अम्मा. कापूस आज पिंजतो."

तिला वाटेला लावून त्यानं नाकाला फडकं बांधलं, गच्चीवरनं आणलेला उन्हाचा कोमट कापूस यंत्राशी ओतला आणि खटक्याकडं हात नेला. मग थांबला. जिन्याच्या तोंडाशी जाऊन वर बघत ओरडला, "कावे! यंत्र चालू करू का गं?"

"थांबा आप्पा! हे एक घेतोय! पाच मिनिटं!"

पाच मिनिटं म्हणजे तासाची निश्चिंती. वरनं दबका दणका सुरू झाला, आणि त्यावर पुण्याचा पोरगा गादीत तोंड घालून ओरडायला लागला. आप्पाजी फळीवर मांडी घालून बसला, कापसाचा एक झुबका पुढं ओढला आणि त्यातली राहिलेली सरकी बोटांनी एकेक करून वेचायला लागला.